सातातली एक लाइन

मुक्ताईनगर तालुक्यात चांगदेव गावी तापी आणि पूर्णा एकमेकींना मिळतात. संगमाजवळ चांगदेवांचं जुनं दगडी देऊळ आहे. आजच्या मननासाठी आपण तिथे बसू या. ज्यांना प्रत्यक्ष जाता येईल त्यांनी जावं, बाकीच्यांनी घरात जिथे पाठ टेकता येईल तिथे बसावं. डोळे मिटलेच पाहिजेत असं नाही. श्वास मोजू नका, तो जसा चालला आहे तसा चालू द्या.

मनात धरायचा विषय देवळाच्या पायरीवर सहसा कुणी काढत नाही. चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी काही माणसांनी आपल्या घरातल्या संगणकाला टेलिफोनची लाइन जोडली आणि त्यावर इतरांना बोलावलं. पुढे अशी घरं एकमेकांना जोडून त्यांनी वेगवेगळ्या गावांतल्या अनोळखी माणसांना एकाच वेळी एकमेकांशी बोलतं केलं. या सगळ्या खटपटीत एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. तिच्यापर्यंत सावकाश जायचं आहे. मध्येच कुठे थांबावंसं वाटलं तर थांबा, पुढचा मजकूर कुठे जात नाही.

आधी एकच लाइन मनासमोर आणा. ऐंशीच्या दशकातलं खानदेशातलं कुठलंही तालुक्याचं गाव घ्या. गल्लीत एखाद्याच घरी फोन. बाकीच्या घरांचा नंबर म्हणजे त्याच फोनचा, पीपी नंबर. लग्नपत्रिकेवर, नोकरीच्या अर्जावर तोच लिहायचा. रात्री मुंबईहून किंवा सुरतेहून फोन यायचा. ज्यांच्या घरी तो वाजायचा त्या काकू हातातलं काम टाकून दारात यायच्या, समोरच्या घराला हाक मारायच्या, आणि तोवर रिसीव्हर टेबलावर आडवा पडलेला असायचा.

त्या आडव्या पडलेल्या रिसीव्हरपाशी थोडा वेळ बसा. पलीकडे कुणीतरी फोन कानाला लावून उभं आहे, त्याचे पैसे पडताहेत. अलीकडे अजून कुणी आलेलं नाही. गल्लीतून चपलांचा आवाज येतोय. बोलणं सुरू व्हायचं आहे, तरी दोन गावं या क्षणी जोडलेली आहेत. ती जोडून ठेवण्याचं काम काकूंनी केलं आहे. निरोप त्यांचा नाही, नातेवाईक त्यांचे नाहीत, आणि तेवढा वेळ त्यांचा स्वतःचा फोन मात्र अडकलेला आहे.

हे मनात राहू द्या. आता त्या तारेत माणसाच्या आवाजाऐवजी मोडेमचा आवाज येऊ द्या.

सुरुवातीचे अमेरिकन मोडेम सेकंदाला ३०० बिट पाठवायचे. संगणकाला फक्त एक आणि शून्य कळतं, आणि टेलिफोनच्या तारेला फक्त आवाज कळतो. मोडेमने दोघांचं जुळवून दिलं: एकासाठी एक स्वर, शून्यासाठी दुसरा. दोन्ही बाजूंना एकाच वेळी बोलता यावं म्हणून स्वरांची वाटणी केलेली होती. ज्याने फोन लावला त्याला खालचे दोन स्वर, १०७० आणि १२७० हर्ट्झचे. ज्याने उचलला त्याला वरचे दोन, २०२५ आणि २२२५ हर्ट्झचे. तार एकच, त्यात दोन्हीकडचे स्वर एकत्र वाहताहेत, आणि तरीही कुणाचं बोलणं कुणाच्या अंगावर येत नाही. प्रत्येकाला आपला स्वर कुठला हे माहीत आहे, आणि दुसऱ्याचा कुठे ऐकायचा हेही माहीत आहे.

एक श्वास घ्या आणि खालचे दोन स्वर कल्पनेत ऐका. पुढच्या श्वासाला वरचे दोन. मग खालचा एक आणि वरचा एक, एकत्र. माणसांच्या संभाषणात असं क्वचित घडतं. आपण बहुतेक वेळा समोरच्याच्या पट्टीत घुसून बोलतो.

या वेगाने सेकंदाला साधारण तीस अक्षरं जात. म्हणजे वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ओळ उजवीकडे सरकत सरकत पुरी होई. तारेत खरखर झाली तर मध्येच भलतीच अक्षरं उमटत. घरात कुणी दुसऱ्या खोलीतला फोन उचलला तर सगळंच तुटे.

शिकागोत जानेवारी १९७८ मध्ये मोठं हिमवादळ झालं. बाहेर पडणं अवघड झालेल्या त्या दिवसांत वॉर्ड ख्रिस्टेन्सन आणि रँडी सूस यांनी एक बेत आखला, आणि १६ फेब्रुवारी १९७८ रोजी त्यांचं बुलेटिन बोर्ड सुरू झालं. एक संगणक, एक मोडेम, एक लाइन. फोन लावायचा, आधीच्यांनी लिहून ठेवलेलं वाचायचं, आपलं लिहायचं आणि लाइन सोडायची. एका वेळी एकच माणूस आत. दुसऱ्याला एंगेज टोन. दोघे त्या खोलीत कधीही एकत्र नसायचे, एक बाहेर पडल्यावर दुसरा यायचा.

ही पद्धत पुढे जगभर पसरली. आपल्याकडे मुंबईत 'लाइव्ह वायर' नावाचं असं केंद्र होतं. बंगळुरूला 'सीआयएक्स' होतं, अतुल चिटणीस यांचं. हे चिटणीस १९६२ साली बर्लिनमध्ये जन्मले आणि बेळगावात अभियांत्रिकी शिकले. पुढे 'पीसी क्वेस्ट' मासिकाबरोबर लिनक्सच्या सीडी वाचकांच्या हाती देण्याच्या कामामुळे देशभरातले संगणकवाले त्यांना ओळखू लागले. ३ जून २०१३ रोजी ते गेले. त्यांच्या कामाचा हा पहिला भाग, म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस स्वतःचं बुलेटिन बोर्ड चालवून अनोळखी माणसांना आत घेणं, मराठीत फारसा सांगितला जात नाही. तो सांगायला हवा. बेळगाव जिल्ह्यातल्याच कित्तूरला १९८६ साली सी-डॉट या सरकारी संस्थेचं पहिलं ग्रामीण स्वयंचलित एक्स्चेंज बसलं, १२८ पोर्टांचं, वातानुकूलनाशिवाय चालणारं. खेड्यांतून थेट नंबर फिरवता येणं त्यानंतर वाढत गेलं.

आता स्वतःला मुक्ताईनगरात आणा. नव्वदीची सुरुवात आहे. मुंबईतल्या बुलेटिन बोर्डाला इथून फोन लावायचा म्हणजे शेकडो किलोमीटरचा एसटीडी कॉल. रात्री उशिरा पाव दर लागायचा. त्या वेळी पिवळ्या पाटीच्या पीसीओ बूथबाहेर रांग लागायची, मुलगा पुण्याला, मुलगी नाशिकला, अशी. त्या दरात, त्या खरखरीत, पलीकडच्या एकुलत्या लाइनवर एंगेज टोन लागला तर? परत फिरवायचा. त्या एंगेज टोनपाशीही थोडं थांबा. आत कुणीतरी आहे, आणि तो बोलतो आहे म्हणूनच मला बोलता येत नाही. एका लाइनच्या जगाचा हा नियम आहे.

हा नियम मोडावा म्हणून ज्यांनी डोकं लढवलं त्यांच्यात बिल बाशम यांचं नाव घ्यायला हवं. त्यांनी ॲपल टू संगणकासाठी 'डायव्हर्सी-डायल' लिहिलं. या यंत्राच्या पोटात कार्डं बसवायच्या खाचा असत. बाशम यांच्या प्रोग्रामने त्यांपैकी सात खाचांत सात मोडेम बसवू दिले. सात मोडेम, सात टेलिफोन लाइनी, सात माणसं, सगळी एकाच वेळी आत. एकाने ओळ लिहून एंटर दाबलं की ती बाकीच्या सहांना दिसायची. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात अमेरिकेतल्या शहरांत हे खूप चाललं. भराच्या काळात अशी किमान ३५ मोठी केंद्रं होती. कॉम्प्युसर्व्हसारख्या कंपन्यांच्या गप्पांना मिनिटाला पैसे पडत, आणि हे गावातल्या गावात बरंच स्वस्त होतं.

सात माणसांची खोली मनात उभी करा. चेहरे आणू नका, तिथे चेहरे नव्हतेच. ओळीआधी लाइनचा क्रमांक आणि स्वतः घेतलेलं एक नाव, एवढीच ओळख. तीन नंबर बोलतो, पाच नंबर हसतो, सहा नंबर बराच वेळ गप्प आहे. तो गेलेला नाही, त्याची लाइन चालू आहे हे सगळ्यांना कळतं. गप्प बसलेल्यालाही तिथे जागा होती, आणि त्याने ती अडवली आहे असं कुणी म्हणत नव्हतं.

आता मला जिथे यायचं होतं तिथे आलो.

या सात जागांची खोली रोज संध्याकाळी भरते. बाहेर माणसं एंगेज टोन ऐकताहेत. अशा वेळी खोली चालवणारा, म्हणजे सिसॉप, काय करेल? आठवी लाइन घालता येत नाही, खाचाच सात. तेव्हा यातल्या काहींनी असं केलं की सातातली एक लाइन आपल्या लोकांकडून काढून घेतली आणि तिच्यावरून दुसऱ्या गावातल्या तशाच यंत्राला फोन लावला. त्या यंत्राने तो फोन आपल्या एका लाइनवर घेतला. आता या खोलीत लिहिलेली ओळ त्या खोलीतही दिसू लागली, आणि तिकडची इकडे. संध्याकाळनंतर दर उतरले की मोठी केंद्रं अशी एकमेकांना जोडली जात आणि एका प्रांताची एक बैठक होई.

हिशेब सावकाश करून पाहा. एका खोलीत सात जण. दोन खोल्या जोडल्या तर चौदा नाही, बारा, कारण दोन्हीकडची एकेक जागा जोडणीत गेली. तीन खोल्या एका ओळीत जोडल्या तर टोकाच्या दोघींत सहा-सहा आणि मधलीत पाच, एकूण सतरा. मधल्या खोलीने दोन जागा सोडल्या. सगळ्यांत जास्त तिने सोडलं, आणि सगळ्यांचं बोलणं तिच्यातूनच जाऊ लागलं. तिच्याच गावातल्या दोन माणसांना मात्र त्या संध्याकाळी एंगेज टोन ऐकावा लागला असेल.

या मधल्या खोलीवर मन ठेवा. जितका वेळ ठेवता येईल तितका. तिने सोडलेल्या जागा कुणाला दिसत नाहीत. टोकाच्या गावातल्या माणसाला वाटतं, आपण थेट त्या टोकाशी बोलतोय. मध्ये कुणाची तरी लाइन गुंतली आहे, कुणाचं तरी बिल चढतंय, कुणाच्या तरी घरात रात्री दोन वाजता मोडेम कुरकुरतोय, हे त्याच्या ध्यानातही येत नाही. जोडणी जितकी चांगली, तितका जोडणारा विसरला जातो. मला यात अन्याय दिसतो आणि मोठेपणाही दिसतो, आणि दोन्हींतलं एकच निवडायची मला गरज वाटत नाही.

आता पीपी नंबरच्या काकूंना आठवा. तुमच्या गल्लीतल्या, तुमच्या आयुष्यातल्या. कुणाच्या घरून तुमचा पहिला निरोप आला होता? कुणी स्वतःचं जेवण थांबवून तुम्हाला हाक मारली होती? नाव आठवलं तर मनात घ्या. नाही आठवलं तर ते दार आठवा, टेबलावरचा तो क्रोशाचा रुमाल आठवा.

जोडणाऱ्यांना आणखी एक गोष्ट लवकर शिकावी लागली. तीन खोल्या जोडताना पहिली दुसरीला, दुसरी तिसरीला, आणि हौसेने तिसरी पुन्हा पहिलीला जोडली, तर काय होईल? पहिलीत लिहिलेली ओळ दुसरीत जाईल, तिथून तिसरीत, तिथून परत पहिलीत. पहिली तिला नवी ओळ समजून पुन्हा पुढे पाठवेल. एकच वाक्य गोल गोल फिरत राहील आणि थोड्याच वेळात खोलीत दुसरं काही ऐकू येणार नाही. म्हणून जोडणी झाडासारखी ठेवायची, कुठल्याही दोन खोल्यांमध्ये एकच वाट असेल अशी. अशा झाडाची एक फांदी तुटली की पलीकडचे सगळे एकदम दिसेनासे होतात. ते गेलेले नसतात, आपसांत बोलतच असतात, आपल्यापर्यंत पोचत नाहीत इतकंच. दोन्ही बाजूंना वाटतं, समोरचे निघून गेले.

गोल फिरणारं वाक्य आणि तुटलेली फांदी, ही दोन्ही आजही आपल्या खिशात आहेत. एकच निरोप पाच गटांतून फिरत पुन्हा आपल्याकडे येतो. एक माणूस गटातून गेला की त्याच्यापलीकडची सगळी नाती अबोल होतात. या दोन्हींपैकी तुम्हाला कुठलं जास्त छळतं? उत्तर कुणाला द्यायचं नाही. प्रश्न मनात असू द्या.

अशा झाडाचं आणखी एक उदाहरण पाहा. फिनलंडमधल्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन औलूबॉक्स नावाचं बुलेटिन बोर्ड सांभाळत होते. तिथे अनेकांना एकत्र बोलता यावं म्हणून ऑगस्ट १९८८ मध्ये त्यांनी एक प्रोग्राम लिहिला. तोच पुढे आयआरसी म्हणून जगभर गेला. तो आधी इतर फिनिश विद्यापीठांत, मग समुद्रापलीकडे पोचला. त्याचीही रचना झाडासारखीच, त्यातही फांद्या तुटत. १९९१ साली मॉस्कोत उठावाचा प्रयत्न झाला तेव्हा तिथल्या बातम्या लोकांनी या ओळींवरून बाहेर कळवल्या. एका गावातल्या बुलेटिन बोर्डाची गरज भागवायला लिहिलेली गोष्ट इतक्या लांब गेली, कारण तिने दुसऱ्याला जोडून घ्यायची सोय ठेवली होती.

आता परत चांगदेवांकडे या. कथा सगळ्यांना ठाऊक आहे. चांगदेवांना ज्ञानदेवांना पत्र लिहायचं होतं. सुरुवातच अडली. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, की ज्ञानाने थोर म्हणून नमस्कार? ठरेना, तेव्हा त्यांनी कोरा कागदच पाठवला. उत्तरादाखल ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्या लिहिल्या, त्यांना आपण चांगदेव पासष्टी म्हणतो. आणि पुढे चांगदेवांनी गुरू केलं ते मुक्ताईला, ज्ञानदेवांच्या धाकट्या बहिणीला.

बुलेटिन बोर्डावरच्या त्या खोलीत दोन मराठी माणसं एकमेकांना भेटली असतील तर त्यांची अडचण याच जातीची. समोरचा सोळा वर्षांचा आहे की साठ वर्षांचा, बाई की पुरुष, पाटलांचा की मास्तरांचा, काहीच कळत नाही. रोमन अक्षरांत टाइप करायचं, आणि पहिल्याच क्रियापदाला ठरवावं लागतं, अरे म्हणायचं की अहो. वय आणि मान ठरेपर्यंत आपण बोलायला तयार नसतो. त्या खोलीने ते ठरवायचं साधनच काढून घेतलं. राहिली ती फक्त ओळ. लिहिणाऱ्याची समज ओळीतून जेवढी दिसेल तेवढाच त्याचा मान. मुक्ताईच्या गावात बसून हे मनाशी धरायचं कारण मला यात दिसतं. इथून पंढरपूरच्या आषाढी वारीला निघणारी पालखी एका अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीची आहे, आणि तिच्यामागे पिकल्या केसांची माणसं महिनाभराहून अधिक चालतात.

कोऱ्या कागदासारखं मन थोडा वेळ राहू द्या. समोर कुणीतरी आहे. त्याचं वय, गाव, आडनाव विचारू नका. त्याला बोलू द्या.

थोडं कायद्याचंही सांगायला हवं, कारण त्याशिवाय आपल्याकडच्या बुलेटिन बोर्डवाल्यांनी काय पणाला लावलं ते कळत नाही. नव्वदीच्या मध्यात आपल्या दूरसंचार खात्याने अशा केंद्रांकडून वर्षाला १५ लाख रुपये परवाना शुल्क मागायचं ठरवलं. आधार १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याचा. घरातल्या एका खोलीत, पदरच्या पैशाने, लोकांना फुकट बोलू देणाऱ्या माणसाला १५ लाख. त्याविरुद्ध ज्यांना आवाज उठवता आला त्यांनी उठवला. मग १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, आणि पुढच्या काही वर्षांत या खोल्या एकेक करून बंद झाल्या.

तिथल्या गप्पांचं फारसं काही उरलं नाही. एकत्र बसून केलेलं बोलणं पडद्यावरून वर सरकत गेलं आणि गेलं ते गेलं. म्हणून एक विनंती आहे. आता हळूहळू हात-पाय हलवा, पाणी प्या, आणि ती ऐका.

तुमच्या ओळखीत कुणी त्या काळात मोडेम लावून बसलेलं असेल, मुंबईत, पुण्यात, बेळगावात, बंगळुरूत किंवा परदेशातल्या एखाद्या मराठी घरात, तर त्यांना गाठा. तेव्हा पंचविशीत असलेली माणसं आज साठीच्या घरात आहेत. त्यांना विचारा, लाइन कुणाच्या नावावर होती, बिल कोण भरायचं, घरातले काय म्हणायचे, आणि दुसऱ्या गावाहून पहिली ओळ आली तेव्हा खोलीत कोण कोण होतं. त्यांच्याकडून मराठीत लिहून घ्या, तारीख घाला, आणि एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवा. ज्यांच्या घरी पीपी फोन होता त्या काकूंनाही हेच प्रश्न विचारा, आणि त्यांचं उत्तर त्याच वहीत लिहा.